हवामान-यंत्र परड्यात कोठे उभे करावे?



हवामान मोजणारी छोटी यंत्रे आता आपल्या घरोघरी दिसू लागली आहेत. कोणाचा मुलगा आखातातून सुटीवर येताना घेऊन येतो, कोणी शहरातील दुकानातून आणतो. यंत्राचा एक भाग बाहेर खांबावर बसतो व दुसरा घरात टेबलावर राहून आकडे दाखवितो: इतकी उष्णता, इतका दमटपणा, इतका पाऊस, इतका वारा. पहिले काही दिवस घरातील लहानथोर सारे कौतुकाने आकडे पाहतात. मग तक्रारी सुरू होतात. शेजाऱ्याकडे 40 मिलिमीटर पाऊस आणि आमच्याकडे 25 कसा? दुपारी हे 43 अंश दाखविते, खरे मानावे काय? रविवारच्या मिस्सानंतर असे प्रश्न आम्हांला वारंवार विचारले जातात, म्हणून या पानावर त्यांचा एकत्र विचार करावयाचे आम्ही योजले आहे.

आमचे उत्तर थोडक्यात असे: बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो, जागेचा असतो.

यंत्राला काय कळते?

यंत्राला आपले शेत कळत नाही. आपल्या भोवती हात-दोन हात जी हवा आहे, तेवढीच त्याला कळते. त्या हवेवरून आपण सबंध मळ्याविषयी अनुमान काढतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. पण शीत भांड्याच्या करपलेल्या बुडातून काढले, तर सारा भात करपला असे वाटणार, आणि वरच्या कच्च्या थरातून काढले तर भात शिजलाच नाही असे वाटणार. म्हणून जागा निवडताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा: माझे पीक ज्या हवेत उभे आहे, तीच हवा या खांबाला लागते काय? पुढील सारे नियम या प्रश्नातूनच निघतात.

दोन अंशांची किंमत

"दोन-चार अंशांनी काय बिघडते?" असे पुष्कळांना वाटते. बिघडते ते असे.

समजा, रात्री मळ्यातील हवा 20 अंश आहे आणि दमटपणा शेकडा 90 आहे. आपला सेन्सर मात्र घराच्या भिंतीला खिळ्याने अडकविलेला आहे. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे तेथील हवा 22 अंश होते. हवेतील बाष्प तेवढेच आहे. परंतु ऊबदार हवेची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती अधिक, म्हणून तेच बाष्प तेथे शेकडा 80 भरते. मळ्यात 90 आणि यंत्रावर 80!

हा फरक बटाटा लावणाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. बटाट्यावर उशिरा येणारा करपा थंड व ओलसर हवेत पसरतो. याच रोगाने 1845 पासून आयर्लंडमधील बटाट्याची पिके नासली आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. ब्रिटनमध्ये या रोगाचा इशारा देण्यासाठी 2017 पासून असा ठोकताळा वापरतात: लागोपाठ दोन दिवस किमान तापमान 10 अंशांच्या खाली गेले नाही, आणि त्या प्रत्येक दिवशी निदान 6 तास दमटपणा शेकडा 90 किंवा त्याहून अधिक राहिला, तर सावध व्हावे. हा नियम तिकडच्या हवेसाठी बनविलेला आहे, तो आपण जसाच्या तसा लावू नये. परंतु त्यातील मर्म आपल्यालाही लागू पडते. बेळगाव-खानापूरकडे खरिपात पारा 10 अंशांवरच असतो, म्हणून सारा निवाडा दमटपणावर येऊन ठेपतो.

संततधार लागलेली असताना हवा दमट आहे हे सांगायला यंत्र लागत नाही. खरी गरज लागते ती उघडीप पडल्यावर. दिवसा ऊन आणि रात्री धुके-दव, अशा दिवसांत फवारावे की थांबावे हा प्रश्न पडतो. नेमक्या त्याच वेळी तापलेल्या भिंतीवरचे यंत्र "हवा कोरडी आहे" असे सांगते, आणि आपण थांबतो. उलट, यंत्र गोठ्याशेजारी किंवा फणसाच्या दाट सावलीत ओलीत टांगलेले असेल, तर ते रोजच "दमट, दमट" म्हणून ओरडते, आणि आपण नको असताना औषध फवारतो. पहिल्या चुकीत पीक जाते. दुसऱ्या चुकीत पैसा जातो आणि औषधाचे तुषार फवारणाऱ्याच्या छातीत जातात.

उष्णता आणि दमटपणा

या दोहोंचा सेन्सर बहुधा एकाच डबीत असतो. त्यासाठी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंची योग्य. खाली गवत असावे, किंवा त्या भागात जी साधी जमीन असते ती असावी. सिमेंटचे खळे, फरशी, डांबरी रस्ता, पत्र्याची शेड, पाण्याची काळी टाकी यांपासून दूर राहावे. दहा मीटर अंतर मिळाले तर उत्तम. उकिरडा व कंपोस्टचा खड्डा यांच्याजवळ तर मुळीच नको, कारण कुजणारे खत आतून तापते. स्वयंपाकघराचे धुराडे आणि न्हाणीघराची मोरी यांचीही तीच गोष्ट.

ऊन थेट सेन्सरवर पडले तर तो हवेचे नव्हे, स्वतःच्या तापलेल्या अंगाचे तापमान सांगतो. हे टाळण्यासाठी हवामान खात्याच्या केंद्रात झरोक्यांची पांढरी लाकडी पेटी असते. ती स्टीव्हन्सन पेटी म्हणून ओळखली जाते. दीपगृहे बांधणारे स्कॉटलंडचे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ती योजिली. घरगुती यंत्रात तिचे काम एकावर एक रचलेल्या पांढऱ्या ताटल्या करतात. त्यांमधून वारा खेळतो, ऊन आत शिरत नाही. त्या ताटल्यांवर धूळ, शेवाळ किंवा कोळिष्टके साचली की त्यांचा उपयोग कमी होतो. पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडी त्या ओल्या फडक्याने पुसाव्या. आत गांधीलमाशीने घर केले नाही ना, हेही पाहावे.

येथे आमच्या भागासाठी एक विशेष सूचना. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत पुष्कळदा लिहिलेले असते की, सेन्सर घराच्या उत्तरेला लावा, तेथे ऊन पडत नाही. हे युरोप-अमेरिकेला ठीक आहे. बेळगाव आणि गोवा सुमारे साडेपंधरा ते सोळा अक्षांशांवर आहेत. मे महिन्याच्या आरंभापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो, आणि सकाळ-संध्याकाळी तर त्याआधीपासूनच उत्तरेच्या भिंतीवर तिरपे ऊन येते. म्हणजे वैशाखाच्या कडक उन्हात उत्तरेची भिंत आपल्याला सावली देत नाही. तेव्हा भिंतीचा नाद सोडावा आणि ताटल्यांचे आवरण घालून सेन्सर मोकळ्यावर उभा करावा.

आणखी एक गोष्ट. रात्री थंड हवा पाण्यासारखी सखल भागात उतरून साचते. मळ्याचा मोठा भाग ज्या पातळीवर आहे, त्याच पातळीवर यंत्र असावे. मात्र दरवर्षी रोग आधी खोलगट वाफ्यातच दिसतो असा आपला अनुभव असेल, तर मुद्दाम तेथे उभे करण्यासही हरकत नाही. तो आकडा सबंध मळ्याचा नाही, एवढे विसरू नये म्हणजे झाले.

पाऊस

पर्जन्यमापकाला मोकळे आभाळ हवे. नियम असा की, झाड किंवा घर मापकाच्या तोंडापेक्षा जितके उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवावा. कौलारू घराचा आढा मापकापेक्षा 5 मीटर उंच असेल तर 10 मीटर दूर. माड 12 मीटर उंच असेल तर 24 मीटर दूर. वळचणीखाली ठेवलेला मापक पागोळ्या मोजतो आणि झाडाखालचा मापक पानांवरून गळणारे पाणी मोजतो. पाऊस दोघांनाही कळत नाही.

अंतर मोजण्याची सोपी युक्ती सांगतो. वहीच्या पुठ्ठ्यातून काटकोन त्रिकोण कापावा. एक बाजू 20 सेंटिमीटर, दुसरी 10. मापकाच्या जागी बसून लांब बाजू आडवी धरावी आणि निमुळते टोक डोळ्याशी ठेवून तिरप्या कडेवरून झाडाच्या शेंड्याकडे पाहावे. शेंडा कडेच्या वर दिसला तर झाड फार जवळ आहे. खाली दिसला तर जागा चालेल. असे चारी दिशांना पाहावे.

भारतीय हवामान खाते (स्थापना 1875) आपल्या मापकाचे तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच ठेवते. उंच गेल्यास वारा थेंबांना तोंडावरून उडवून नेतो आणि पाऊस कमी भरतो. फार खाली गेल्यास जमिनीवरून उडालेले शिंतोडे आत येतात. म्हणून खाली सिमेंट नको, गवत बरे. मापक अगदी सपाट बसला पाहिजे; गवंड्याची पाणसळ लावून पाहावे. घराच्या गच्चीवर किंवा पत्र्यावर बसविलेल्या मापकाला वाऱ्याचा मार अधिक असतो, हेही ध्यानात असावे. तुषार सिंचनाचे पाणी आत पडले तर भर एप्रिलमध्ये पाऊस नोंदला जाईल.

घरगुती मापकाच्या आत बहुधा एक छोटी डोलणारी पळी असते. ती भरली की उलटते, आणि प्रत्येक उलटण्याला पाव मिलिमीटरच्या आसपास पाऊस मोजला जातो. घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात पळी उलटत असतानाच काही पाणी निसटून जाते, त्यामुळे आकडा थोडा कमी येतो. हा दोष जागेचा नाही. नळीत पालापाचोळा अडकला तर मात्र पाऊस तासन्‌तास उशिरा नोंदला जातो. मृगापूर्वी जाळी साफ करावी.

एवढी काळजी कशासाठी? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे 4 हजार लिटर पाणी. मापकाने 10 मिलिमीटरची चूक केली, तर एकरी 40 हजार लिटरचा हिशेब चुकला. त्या हिशेबावर आपण मोटार चालू किंवा बंद करीत असतो.

वारा

वारा मोजण्याची शास्त्रीय उंची 10 मीटर आहे, आणि अडथळ्यापासून अंतर त्याच्या उंचीच्या दहापट हवे. इतकी मोकळी जागा परड्यात कोणाला मिळणार? त्याची खंत करू नये. शेतकऱ्याला वारा हवा असतो तो मुख्यत्वे फवारणीसाठी, आणि फवारा दहा मीटरवर नव्हे, पिकाच्या उंचीवर उडतो. म्हणून दोन मीटरवर, मळ्याच्या मोकळ्या बाजूस मोजलेला वारा आपल्याला अधिक उपयोगी. तो ताशी 15 किलोमीटरच्या पुढे असेल तर फवारू नये. औषध शेजाऱ्याच्या विहिरीवर आणि आपल्या तोंडावर येते. अगदी निवांत, पान न हलणाऱ्या पहाटेही फवारू नये. बारीक तुषार तसेच हवेत तरंगत राहतात.

मातीतील ओल

ओलीचा सेन्सर मुळे जेथे पाणी पितात तेथे पुरावा: भाजीपाल्याला साधारण 15 सेंटिमीटर खोल, खोल मुळांच्या पिकाला आणखी एक 30 सेंटिमीटरवर. ठिबकच्या तोंडाखाली पुरला तर तो कायम "ओले" म्हणेल, बांधाच्या कडेला पुरला तर कायम "कोरडे". दोन रोपांच्या मध्ये, वरंब्यात पुरावा. तेथील मातीचाच पातळ चिखल करून त्यात तो बसवावा, म्हणजे भोवती पोकळी राहत नाही. काळ्या जमिनीत भेगा पडल्या की सेन्सर मोकळा पडतो. तेव्हा त्याचा आकडा मानू नये.

सारे एकाच खांबावर असेल तर?

स्वस्त यंत्रात सर्व सेन्सर एकाच खांबावर असतात. पावसाला खाली हवे, वाऱ्याला उंच हवे, अशी ओढाताण होते. आमचा सल्ला असा की, पीक सांभाळणाऱ्याने दमटपणा व पाऊस यांना मान द्यावा आणि वाऱ्याला थोडे मागे ठेवावे. दीड ते दोन मीटर उंचीचा पक्का खांब गवतावर, घरापासून दूर, पुठ्ठ्याच्या त्रिकोणाने पारखलेल्या जागी, ओळंबा लावून उभा करावा. घराच्या आढ्यावर यंत्र चढविले तर वारा बरा कळेल, पण उष्णता कौलांची कळेल आणि पाऊस कमी भरेल. जागा पक्की करण्यापूर्वी तेथून आकडे घरात पोचतात की नाही, हे एक दिवस पाहून घ्यावे; जाड दगडी भिंती व पत्रे लहरी अडवितात.

खरेखोटे पारखावे

पावसासाठी: मापकाच्या तोंडाचा व्यास मोजावा. तो 12 सेंटिमीटर असेल तर तोंडाचे क्षेत्रफळ 6 × 6 × 3.14, म्हणजे 113 चौरस सेंटिमीटर. त्यात 113 मिलिलिटर पाणी ओतल्यास 10 मिलिमीटर दिसले पाहिजेत. पाणी एकदम ओतू नये. डब्याला सुईने छिद्र पाडून अर्ध्या तासात ठिबकू द्यावे. शिवाय सरळ कडांचा एक डबा मापकाजवळ ठेवून पावसानंतर त्यातील पाणी पट्टीने मोजावे.

दमटपणासाठी: बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते पाण्याने ओलसर करावे. पूर्ण विरघळू देऊ नये. ते झाकण व सेन्सर एकमेकांना न लागता एका घट्ट डब्यात दिवसभर सावलीत बंद ठेवावे. आत शेकडा 75 दमटपणा तयार होतो. यंत्र 70 किंवा 80 दाखवीत असेल, तर तेवढा फरक वहीत लिहून ठेवावा व पुढे जमेस धरावा.

वर्तमानपत्रातील पावसाशी तुलना करताना वेळ पाहावी. हवामान खाते सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा पाऊस मोजते. आपले यंत्र बहुधा मध्यरात्रीपासून मोजते. रात्रीची एकच सर दोघांकडे वेगवेगळ्या तारखेला पडलेली दिसेल. कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे स्वयंचलित मापक ग्रामपंचायतींच्या पातळीवर आहेत. आपल्या पंचायतीचा आकडा ताडून पाहण्यास चांगला. हवामानावर आधारित पीकविम्याचा दावा नेमून दिलेल्या केंद्राच्या आकड्यावर ठरतो, आपल्या परड्यातील आकड्यावर नव्हे. तरीही स्वतःची नोंद असली की बोलायला आधार मिळतो.

त्यासाठी एक वही करावी. पहिल्या पानावर यंत्र कोठे उभे केले, किती उंचीवर, कोणत्या झाडापासून किती अंतरावर, हे लिहावे. पुढे जवळ पत्र्याची शेड उभी राहिली, शेवग्याचे झाड वाढले, की तारखेसह नोंद करावी. हंगामाच्या मध्ये जागा बदलू नये. बदललेल्या जागेचे आकडे मागच्या वर्षाशी जुळत नाहीत.

आरोग्याच्या तीन गोष्टी

पहिली: वळवाच्या दिवसांत विजा कडाडत असताना आकडा पाहायला किंवा डबा ओतायला बाहेर जाऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. माळावर किंवा गच्चीवर उंच लोखंडी खांब लावणाऱ्याने जाणत्या माणसाकडून जमिनीत तार पुरून घ्यावी. विजेच्या तारांजवळ खांब कधीही उभारू नये.

दुसरी: पाऊस साठविणारा डबा रोज ओतावा. आठवडाभर साचलेल्या वाटीभर पाण्यातही डेंग्यूचा डास वाढतो.

तिसरी: यंत्र सावलीतील हवा सांगते, उन्हातील श्रम सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जाऊ लागला, की भांगलणी व खोदाई सकाळी अकराच्या आत आटोपावी, दुपारी विसावा घ्यावा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. दमट दिवशी घाम वाळत नाही, म्हणून 35 अंशांतही अंग तापते. हा नियम आपल्या गड्यांना आणि मजूर बायांनाही लागू आहे.

बंधुभगिनींनो, यंत्र विकत घेण्यास पैसा लागतो; जागा शोधण्यास एक पुठ्ठा, एक ओळंबा आणि एक संध्याकाळ पुरते. मृग निघण्यापूर्वी ती संध्याकाळ काढावी. ज्यांच्याकडे यंत्र नाही, त्यांनी सरळ कडांचा डबा व साधा उष्णतामापक घेऊन याच नियमांनी सुरुवात करावी. योग्य जागी ठेवलेला साधा डबा वळचणीखालच्या महागड्या यंत्रापेक्षा खरे बोलतो.